न धुतलेला स्वेटर

सिस्टरने लाल औषधाची पिशवी दांडीला टांगली आणि तिच्यावर काळं आवरण चढवलं, तसा तपासनीस स्टुलावरून उठला.

"झाकता कशाला?"

"उजेडानं बिघडतं, काका."

"पहिल्या खेपेला नव्हतं झाकलं."

"तेव्हाच्या सिस्टर विसरल्या असतील."

"एक विसरते, एक झाकते," तो म्हणाला. त्याने आवरणाची कड बोटाने वर केली, पिशवी खिडकीकडे वळवली आणि एक डोळा बारीक केला. "फिकं वाटतंय. पहिल्यांदा यापेक्षा गडद होतं."

"रंगारी आहात का?"

पलंगावर डोळे मिटून पडलेली त्याची बायको बोलली, "दूध तपासतात. गावच्या डेअरीत. जन्मल्यावर आईचं दूधसुद्धा आधी उजेडात धरून बघितलं असेल यांनी."

सिस्टर हसली. तो हसला नाही. पिशवीखालच्या नळीत पडणारे थेंब बघत तो स्टुलावर परत बसला.

गावात त्याला सगळे तपासनीसच म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ केंद्रावर कॅनची रांग लागली की तो प्रत्येक कॅनचं झाकण काढून आधी वास घ्यायचा, मग काचेचा लॅक्टोमीटर दुधात सोडायचा आणि तो डुलायचा थांबेपर्यंत माणसाच्या तोंडाकडे बघायचा. काटा नंतर, तोंड आधी, असं तो म्हणायचा. एका पावसाळ्यात त्याने धाकट्या भावाचा कॅन सगळ्या रांगेसमोर गटारात ओतला होता. झाकण नीट बसत नव्हतं, पावसाचं पाणी गेलं, असं धाकटा सांगत राहिला. दोघांची घरं एकाच अंगणात होती आणि मधली भिंतही एकच होती. तेव्हापासून कामापुरतं बोलणं राहिलं होतं.

बायकोच्या छातीत गाठ निघाली, शहरात राहून औषध घ्यायचं ठरलं आणि घर, शेत, गाय सगळं त्याच धाकट्याच्या हाती द्यावं लागलं. निघताना तपासनिसाने कोठीच्या कुलपाला खुणेचा दोरा गुंडाळला, निरगाठीची बाजू लक्षात ठेवली. मग भावाला म्हणाला, "तांबडी आटली तर ठेवू नकोस. दलालाला बोलव. आटलेलं जनावर पोसायची ही वेळ नाही."

बायको दारात गाठोडं बांधत होती. तिचा हात थांबला होता. वासरू असल्यापासून तांबडी तिची होती.

दवाखान्यामागच्या गल्लीत एका घराच्या वरच्या मजल्यावर त्यांना खोली मिळाली होती. खोलीच्या मधोमध पडदा होता. पलीकडे एक शिंपीण तिच्या आजारी नवऱ्याला घेऊन राहायची. नवऱ्याचा घसा गेला होता, तो नुसता डोळ्यांनी बोलायचा. शिंपिणीने हाताचं छोटं मशीन बरोबर आणलं होतं आणि दवाखान्यात येणाऱ्यांचे कपडे ती उसवून, आवळून द्यायची. सगळ्यांचीच अंगं उतरलेली, त्यामुळे तिला काम भरपूर होतं. तपासनिसाच्या बायकोचे केस हातात यायला लागले तेव्हा तिने जुन्या मऊ सुती कापडाचे रुमाल शिवून दिले होते, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून, म्हणजे डोक्याला टोचू नये.

औषध चढवून आणलं की पहिले दिवस वाईट जायचे. बायकोच्या तोंडाला लोखंडाची चव यायची. हिरड्या सोलवटायच्या. ज्या हातात सुई लावत तिथली शीर काळी पडून दोरीसारखी कडक झाली होती. तो तिला उठवून बसवायचा, पुढ्यात टोपलं धरायचा, पाठीवर हात ठेवायचा. पाठीचा एकेक मणका हाताला लागायचा. पहिल्यांदा तिला लाल लघवी झाली तेव्हा तो चप्पल न घालता दवाखान्यात पळाला होता. औषधाचाच रंग आहे, उतरेल, असं तिथे सांगितलं, तरी परतीच्या वाटेवर त्याने आणखी दोघांना विचारून घेतलं.

आणखी एक गोष्ट त्याला कळली होती, ती त्याने कुणाला विचारली नव्हती. बायकोच्या घामाचा वास बदलला होता. तापलेल्या धातूच्या भांड्यात औषध सांडावं तसा काहीतरी. शिंपिणीच्या साबणाचा असेल, असं त्याने ठरवून टाकलं.

त्या दिवशी तिला हुडहुडी भरली. त्याने स्वेटर काढायला पिशवीत हात घातला. तपकिरी, जुना, डाव्या कोपराला हिरवं ठिगळ. गोठ्यात जाताना ती वर्षानुवर्षं तोच घालायची आणि शहरातही तोच अंगात असायचा. पिशवीत तो नव्हता. त्याने पिशवी उलटी केली, पलंगाखाली वाकून बघितलं, गादी उचलली.

"राहू द्या हो," बायको म्हणाली. "आणखी एक पांघरूण द्या."

"राहू द्या काय? चालत गेला का तो?"

पडद्यापलीकडे मशीन चालू होतं. तो पडद्याजवळ गेला. "स्वेटरचं कोपर नीट शिवून देते म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणाले होते," शिंपीण म्हणाली.

"मग शिवायला घेतलात का?"

"घेतला असता तर सांगून घेतला असता, दादा."

"न सांगतासुद्धा घेतात लोक."

मशीन थांबलं. शिंपिणीने पडदा सर्रकन बाजूला केला, पलंगाखालची पेटी ओढून त्याच्या पायाशी आणली आणि झाकण उघडलं. "घ्या. तपासनीस ना तुम्ही? घाला हात."

तिला वाटलं असेल, तो मागे सरेल. त्याने खरोखर हात घातला. रिळं, चिंध्या, तिचे आतले कपडे, नवऱ्याचं बंद पडलेलं दाढीचं मशीन. तळापर्यंत चाचपून त्याने हात बाहेर काढला. शिंपिणीचा नवरा उशीवरून त्याच्याकडे बघत होता.

"पुरे करा हो," बायको भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "पाया पडते तुमच्या."

तिला शिंपिणीची लाज वाटते आहे, असं त्याला वाटलं. त्या दिवसापासून पडद्यापलीकडून गरम पाण्याची किटली येणं बंद झालं.

गावाकडचा टँकरवाला दूध खाली करायला शहरातल्या मोठ्या डेअरीत यायचा. जमेल तेव्हा तो दवाखान्याच्या फाटकापाशी थांबून घरून आलेले कपडे द्यायचा. दोघं टपरीवर चहा घ्यायचे. तपासनिसाने कप नाकाशी नेला.

"याला तरी सोडा," टँकरवाला म्हणाला. "बिचारा पाणीच विकतो, दूध वरून घालतो. उलटी चोरी आहे ती."

"घरी काय?"

"घरी मजेत. काल तर मी चक्रावलोच. तुमच्या अंगणात लांबून दिसलं तर वहिनी! तपकिरी स्वेटर, डोक्याला रुमाल, हातात बादली. म्हटलं, परत आल्या की काय? जवळ जाऊन बघतो तर तुमची भावजय."

कप त्याच्या हातात तसाच राहिला. "हिरवं ठिगळ होतं?"

"आता ठिगळं कोण बघतं? होतं वाटतं. कोपरावर."

मागच्या खेपेच्या दिवशी धाकटा येऊन गेला होता. तपासनीस औषधांच्या रांगेत असताना तो पलंगाशी बसला होता आणि भाऊ वर यायच्या आत बस गाठायची म्हणून निघूनही गेला होता. तेव्हाच नवल वाटलं होतं, एवढ्या लांबून येऊन हा घडीभरही टेकला नाही. आता सगळं जुळलं. माणूस अजून पलंगावर आहे आणि यांनी कपडे वाटून घेतले. आज स्वेटर, उद्या कोठी, परवा गाय. ओतलेल्या कॅनचा हिशोब होता तो.

बायकोला त्याने हे सांगितलं नाही. म्हणाला, "डेअरीत रजेचं बघून येतो. टँकरनं जातो, उद्या परत."

ती उठून बसली. "फोन करा की."

"फोनवर तोंड दिसत नाही."

"धाकट्याकडे जाणार?"

"घर आहे माझं. जाणार."

ओठांवरची साल जिभेने ओली करून ती म्हणाली, "जा. पण धारेच्या वेळेला गोठ्यात जाऊ नका."

"का?"

"तांबडी बुजते."

"मला?"

"नका जाऊ, एवढंच सांगते."

हिलाही काहीतरी माहीत आहे, हा नवा काटा घेऊन तो पडद्याशी गेला. मशीन चालू होतं. तो उभा राहिला. मशीन चालूच राहिलं. शेवटी त्याने घसा खाकरला. "उद्यापर्यंत हिच्याकडे लक्ष द्याल का?"

शिंपिणीने दोरा दातांनी तोडला. "पेटीत हात घालताना विचारलं नव्हतंत," ती म्हणाली. "हे विचारता, एवढं तरी. जा."

टँकरमध्ये तो मनात हिशोब मांडत बसला. धाकट्याने घर बळकावलं असेल तर उरलेल्या खेपा सोडून हिला उचलून आणायची, असं त्याच्या मनात पक्कं होत चाललं. बरी होऊन तरी ही जाणार कुठे? डॉक्टर ओरडतील. ओरडू देत. त्यांचं घर त्यांच्या जागेवर आहे.

गाव आलं तेव्हा उन्हं उतरली होती. तो टँकरमधून फाट्यावरच उतरला आणि मागच्या कुंपणाने आला. गोठ्याचं दार अर्धवट उघडं होतं. आतून गुणगुण ऐकू आली आणि त्याचे पाय थांबले. त्याच्या बायकोची गुणगुण होती ती. शब्द नसलेली, चढता चढता मध्येच पडणारी, तीच. दाराच्या फटीतून त्याला तांबडीची मागची बाजू दिसली आणि तिला डोकं टेकवून बसलेली पाठ. तपकिरी स्वेटर. मानेवर रुमालाची गाठ, तशीच डावीकडे सरकलेली. क्षणभर त्याला काहीच कळेना. मग पाठ थोडी वळली आणि धाकटीचा, भावाच्या बायकोचा, गाल दिसला.

"जिवंत आहे ती अजून!" तो दार ढकलून ओरडला. "मेली नाही अजून, समजलं?"

तांबडीने मागचा पाय झाडला. बादली कलंडून लोळत भिंतीला लागली. धाकटी मनगट धरून मागच्या मागे शेणात बसली. दूध गव्हाणीखालून गटाराच्या उतारावर लागलं.

"दादा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, मनगटामुळे की दुधामुळे ते कळत नव्हतं. "एवढी कशीबशी पान्हवली होती हो आज."

धाकटा वैरणीचा भारा टाकून आत आला. त्याने आधी बायकोचं मनगट दाबून बघितलं, मग बादली उभी केली, मग भावाकडे वळला.

"काय झालं ओरडायला?"

"स्वेटर कुणाचा आहे हा?"

"वहिनीचा."

"कुणाला विचारून आणलास?"

"वहिनीनं दिला. अंगातला काढून दिला."

तपासनीस त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, रांगेतल्या माणसाकडे बघायचा तसा. धाकट्याने तोंड वळवलं नाही.

"तुम्ही गेलात आणि तांबडीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. हात लावू देईना. कास दगडासारखी झाली, गरम लागायला लागली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, आटवून टाका. आटली असती तर तुझा हुकूम होताच, दलालाला बोलव. म्हणून मी वहिनीकडे गेलो. ती म्हणाली, हा स्वेटर घेऊन जा, धुवू नका. रुमाल कसा बांधायचा ते दाखवलं. ते गुणगुणणं मला शिकवलं तिनं तिथे, औषध चढत असताना. तोंड आलेलं, तरी शिकवलं. मी बसमध्ये तेच घोकत आलो, शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

तपासनिसाची नजर अंगणापलीकडे कोठीच्या दाराकडे गेली. गेली ते त्याला थांबवता आलं नाही. कुलपावर दोरा होता, निरगाठ त्याच बाजूला.

"बघ, बघ," धाकटा म्हणाला. "जवळ जाऊन बघ. रोज त्यावरची धूळसुद्धा आम्ही झाडत नाही, गाठ हलेल म्हणून."

धाकटी कपडे झटकत उठली. स्वेटरच्या बाहीला शेण लागलं होतं, ते तिने पाणी न लावता वाळल्या गवताने पुसलं. "वास उतरत चाललाय याचा, दादा. माझाच यायला लागलाय. दुसरं काहीतरी पाठवा ताईंचं. अंगावरचं. धुतलेलं नको."

तपासनिसाने बाही हातात घेऊन नाकाशी नेली. शेण, धूर, धाकटीचा घाम. बायको त्यात कुठेच नव्हती. त्याने बाही सोडली.

दुसऱ्या दिवशी तो परतला तेव्हा शिंपीण त्याच्या बायकोला चमच्याने मऊ भात भरवत होती. तो दारात घुटमळला, मग किटली उचलून खाली गेला, गरम पाणी भरून आणलं आणि पडद्यापलीकडे शिंपिणीच्या नवऱ्याच्या उशाशी ठेवली. नवऱ्याने किटलीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि पापण्या मिटून उघडल्या.

"गेलात ना शेवटी धारेच्या वेळेला?" बायको म्हणाली.

"बादली सांडली."

"सांडणारच. कुणाला लागलं?"

"धाकटीच्या मनगटाला. सुजलंय थोडं."

"पाया पडलात का तिच्या?"

"अगं, मी मोठा दीर."

"मग मोठ्याने पडायचं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने डोक्याचा रुमाल सोडला. कितीतरी दिवस तोच होता. टाळूवर उरलेले चार केस घामाने चिकटले होते. रुमालाची घडी करून तिने वर्तमानपत्रात गुंडाळली. "हा द्या टँकरवाल्याला. सांगा, धाकटीनं गळ्यात बांधावा. तांबडी आधी गळा हुंगते."

टँकरवाल्याने रुमाल नेला. पुढची फेरी झाली तेव्हा त्याने फाटकापाशी तेच वर्तमानपत्र तपासनिसाच्या हातात परत ठेवलं.

"तुमच्या भावजयीनं सांगितलंय, दादांच्याच हातात दे. ताईंना दाखवू नको."

"का?"

"गाय बुजली. म्हणजे अशी तशी नाही. हुंगलं, फुरफुरली आणि दोर ताणून पार भिंतीला जाऊन लागली. गव्हाणीला तोंड लावेना."

"मग दूध?"

"काढलं की. तुमच्या भावजयीनं रुमाल बाहेर ठेवला, हात धुतले आणि तशीच बसली. रडायचंच होतं तिला, म्हणून बसली म्हणे. स्वेटर पण नव्हता अंगात. तर सोडलं गायीनं दूध."

"स्वेटर नसताना?"

"नसताना. आता रोजच नसतो."

टँकर गेल्यावर त्याने रुमाल उघडला. वर वैरण होती, शेण होतं. त्याखाली तापलेल्या धातूचा तो वास होता, जो त्याने साबणाचा ठरवला होता. त्याने रुमाल शर्टाच्या खिशात कोंबला, सवयीने इथेही जवळ बाळगलेल्या लॅक्टोमीटरच्या नळीशेजारी.

खोलीत शिरल्या शिरल्या बायकोने विचारलं, "काय म्हणाली तांबडी?"

दुधात पाणी घातलेला माणूस कॅन ठेवताना सरळ डोळ्यांत बघतो, हे तो आयुष्यभर बघत आला होता. त्याने सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "ओळखलं. हुंगलं आणि पान्हवली."

ती हसली. हसल्यावर ओठ फाटला, तो तिने बोटाने दाबून धरला. "खरं?"

"खरं."

"बादली भरली?"

"भरली."

पुढच्या खेपेला सिस्टरने लाल पिशवी टांगली, आवरण चढवलं आणि सवयीने बाजूला सरून त्याला वाट करून दिली. तो स्टुलावरच बसून राहिला.

"काका, बघायचं नाही आज?"

"ठीक असेल."

सिस्टर खांदे उडवून पलीकडच्या पलंगाकडे गेली. बायकोने उशीवर मान वळवली.

"ठीक असेल?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात हे?"

"रोज काय बघायचं."

"खिशात काय आहे?"

"लॅक्टोमीटर."

"तो एवढा फुगतो?" तिने सुई नसलेला हात पुढे केला. "आणा इकडे."

"अगं, पड ना गप. सुई हलेल."

हात तसाच पुढे राहिला. हवेत धरवत नव्हता, तरी ती मागे घेईना. त्याने खिशातून रुमाल काढून तिच्या तळव्यावर ठेवला. तिने तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. औषध सुरू झाल्यापासून तिला अन्नाचा, साबणाचा, त्याचा, कशाचाच वास सहन होत नव्हता. हा मात्र ती घेत राहिली.

"गोठ्यात जाऊन आलाय हा," ती म्हणाली.

तो जमिनीकडे बघत होता.

"बुजली ना?"

त्याने मान हलवली.

"कुणाला मारलं?"

"नाही. दोर ताणला नुसता."

"आणि कास?"

"मोकळी आहे. धाकटी काढते. तिच्या हाताला सोडते आता, तशीच. काही घालावं लागत नाही."

बायको वर बघत राहिली. काळ्या आवरणाखालच्या नळीत थेंब जमायचा, लांबायचा, सुटायचा. मग तिने रुमाल डोक्याला गुंडाळला, एका हाताने गाठ बसेना, तर तो उठला आणि त्याने ती बांधून दिली. डावीकडे सरकवून.

"टँकरवाल्याला सांगा," ती म्हणाली, "धाकटीला म्हणावं, स्वेटर पाठवून दे. इथे थंडी वाजते मला."

"सांगतो."

"धुऊन पाठव म्हणावं."